बोल्टाची मुंडी आणि पान्याचा जबडा

दहा नंबरच्या बोल्टाच्या मुंडीवर समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर कागदोपत्री १० मिलिमीटर असते. कारखान्यातून निघालेला खरा बोल्ट ९.७८ ते १०.०० यांच्या दरम्यान कुठेही असला तरी मानकात बसतो. पाना मात्र दहापेक्षा केसभर मोठाच लागतो, नाहीतर तो मुंडीवर चढणार नाही. या दोघांमध्ये जी फट उरते ती जितकी कमी, तितका पाना चांगला. मोटरसायकलसाठी हत्यारे घेताना चकाकी, वजन, पेटीतल्या नगांची संख्या, मुठीवरचा रबर या सगळ्यांच्या आधी ही फट पाहायची असते.

मोटारगाडीपेक्षा मोटरसायकलला ही गोष्ट जास्त लागू होते. इथले बोल्ट बारीक असतात. बहुतेक एम ६ आणि एम ८, म्हणजे ६ आणि ८ मिलिमीटर जाडीचे. ते उघड्यावर असतात, पाऊस, चिखल आणि साखळीवरून उडालेले ग्रीस अंगावर घेतात. शिवाय त्यांतले पुष्कळसे ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये बसवलेले असतात, आणि ॲल्युमिनियमचे आटे पोलादी बोल्टापुढे टिकत नाहीत. मुंडी गोल झाली तर तासाभराचे काम दिवसभर चालते. आटे गेले तर केसिंग लेथवाल्याकडे न्यावे लागते.

दहाच्या बोल्टाला अकराचा पाना

षटकोनाची एक साधी भूमिती इथे कामाला येते. समोरासमोरच्या बाजूंमधले अंतर १० मिलिमीटर असेल, तर समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले अंतर सुमारे साडेअकरा मिलिमीटर भरते. म्हणूनच दहाच्या बोल्टावर अकरा नंबरचा पाना ‘चालतो’ असे वाटते. तो पूर्ण फिरून निसटत नाही, कारण जबड्यात कोपरे अडकतात. पण सगळा जोर त्या दोन कोपऱ्यांच्या धारेवर येतो, धार दबते, कोपरा बोथट होतो आणि पुढच्या वेळी योग्य मापाचा पानाही त्यावरून सटकतो. बिघडलेल्या बहुतेक मुंड्या आधी एकदा तरी अशा ‘चालवून घेतलेल्या’ असतात.

नव्या, नेमक्या मापाच्या पान्यातही हाच धोका कमी प्रमाणात असतो. थोडी जरी फट असली तरी जोर लावताना पाना किंचित तिरका होतो आणि त्याचा स्पर्श बाजूच्या मध्यभागाकडून कोपऱ्याकडे सरकतो. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्नॅप-ऑन कंपनीने सॉकेटच्या आतल्या भिंतींचा आकार बदलून यावर तोडगा काढला. त्यांच्या सॉकेटच्या कोपऱ्यांपाशी जागा मोकळी सोडलेली असते आणि दाब बाजूच्या आतल्या भागावर पडतो. त्या पेटंटची मुदत कधीच संपली, त्यामुळे आज बहुतेक चांगल्या कंपन्यांचे सॉकेट आणि रिंग पाने याच आकाराचे असतात. ओळखायला सोपे आहे: सॉकेटमध्ये आत डोकावले की कोपऱ्यांच्या जागी टोकदार कोन न दिसता गोलसर पोकळी दिसते.

तीन घराण्यांचे बोल्ट

भारतातल्या रस्त्यांवर मोटरसायकलींची किमान तीन घराणी नांदली आणि प्रत्येकाचे नट-बोल्ट वेगळ्या वळणाचे होते. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांमधल्या जुन्या हत्यारांच्या पेट्यांत या तिन्ही घराण्यांचे पाने अजून एकत्र पडलेले दिसतात.

पहिले घराणे इंग्रजी. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि तिथे बुलेट बनू लागली ती इंग्लंडच्या आराखड्यावर. तिचे आटे व्हिटवर्थ आणि त्याच्या भावंडांचे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये ५५ अंशांच्या आट्यांचे मानक मांडले होते, आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश असतो. व्हिटवर्थ पान्यावर लिहिलेला आकडा जबड्याचा नसतो, ज्या बोल्टासाठी तो पाना आहे त्या बोल्टाच्या जाडीचा असतो. १/४ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड प्रत्यक्षात १३.३ मिलिमीटर उघडे असते. त्या मुंडीवर तेराचा पाना चढत नाही आणि चौदाचा ढिला बसतो. जुन्या बुलेटच्या कितीतरी मुंड्या याच चौदा नंबरने गोल झाल्या. पुढे युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये) आले तोवर बुलेटवर इंग्रजी आणि मेट्रिक यांची सरमिसळ झालेली होती, म्हणून जुनी बुलेट सोडवताना प्रत्येक मुंडीवर पाना हलवून पाहिल्याशिवाय जोर लावणे धोक्याचे ठरते.

दुसरे घराणे युरोपीय मेट्रिक. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून चेक आराखड्याच्या गाड्या बनवल्या, पुढे त्याच येझदी झाल्या. युरोपीय मानकाप्रमाणे एम ८ बोल्टाची मुंडी तेरा नंबरची असते, एम १० ची सोळा किंवा जुन्या जर्मन मानकाने सतरा.

तिसरे घराणे जपानी, आणि आज रस्त्यावर तेच सर्वांत जास्त दिसते. १९८४ मध्ये इंड-सुझुकी, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १००, १९८६ मध्ये कावासाकी बजाज केबी १००. दोन-तीन वर्षांत आलेल्या या गाड्यांनी पान्यांची पेटीच बदलली. जपानी वळणात एम ६ ला आठ किंवा दहा नंबरची मुंडी असते, एम ८ ला बाराची, एम १० ला चौदाची, एम १२ ला सतराची. मुंडी लहान ठेवल्याने वजन आणि जागा वाचते. परिणाम असा की १०, १२, १४ आणि १७ एवढ्या चार आकड्यांवर त्या गाडीचे बहुतेक काम होते, आणि ९, ११, १५, १६, १८ हे पाने पेटीत पडून राहतात.

बाजारात मिळणारा आठ नगांचा फिक्स पान्यांचा संच मात्र जुन्याच क्रमाने लावलेला असतो: ६-७, ८-९, १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२. यात दहा आणि बारा एका पान्यावर येत नाहीत, बारा आणि चौदाही येत नाहीत. जपानी वळणाच्या गाडीसाठी ८-१०, १०-१२, १२-१४, १४-१७ अशा जोड्या सुटे पाने म्हणून शोधून घेणे जास्त शहाणपणाचे. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएमसारख्या गाड्या याच रस्त्यांवर आल्यामुळे आता तेरा नंबर आणि टॉर्क्सची चांदणी यांनाही पेटीत जागा लागते. थोडक्यात, हत्यार घ्यायच्या आधी आपली गाडी कोणत्या घराण्याची ते पाहावे.

पोलाद किती कडक

बोल्टाच्या मुंडीवर ८.८, १०.९ किंवा १२.९ असा आकडा उठवलेला असतो. टिंबाआधीचा आकडा शंभराने गुणला की बोल्ट तुटायला किती ताण लागतो ते मेगापास्कलमध्ये मिळते, आणि टिंबानंतरचा आकडा सांगतो की त्यातल्या किती दशांशाला बोल्ट कायमचा ताणला जातो. ८.८ चा बोल्ट ८०० मेगापास्कलला तुटतो आणि त्याच्या आठ दशांशाला, म्हणजे ६४० ला, कायमचा लांबतो.

हत्याराची निवड करताना याच बोल्टांचा कडकपणा महत्त्वाचा. कडकपणा मोजण्याच्या रॉकवेल सी मोजपट्टीवर ८.८ चा बोल्ट २२ ते ३२ मध्ये येतो, १०.९ चा ३२ ते ३९ आणि १२.९ चा ३९ ते ४४. चांगल्या क्रोम व्हॅनेडियम पोलादाचा पाना योग्य उष्णता-प्रक्रियेनंतर चाळिशीच्या पुढे असतो, त्यामुळे साध्या बोल्टावर तो झिजत नाही. एलन बोल्ट, म्हणजे मुंडीत षटकोनी खाच असलेले, मात्र बहुधा १०.९ किंवा १२.९ चे असतात. म्हणजे एलन की ज्या खाचेत घालायची तिचे पोलाद कीइतकेच कडक असू शकते. स्वस्त एलन की फिरवताना पिळवटते आणि तिचे कोपरे गोल होतात ते यामुळे. फिक्स पान्यात काटकसर एक वेळ परवडते, एलन कीमध्ये अजिबात परवडत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. फार कडक पोलाद ठिसूळ होते. हाताने वापरायचे चकचकीत क्रोमचे सॉकेट हवेच्या किंवा बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर लावले तर फुटून उडू शकतात. गनसाठी काळे, जाड भिंतीचे आणि थोडे नरम सॉकेट वेगळे मिळतात, तेच वापरावेत. क्रोमचा थर गंजापासून वाचवतो, पण सोललेला क्रोम ब्लेडसारखा हात कापतो. पोपडे धरलेला पाना पेटीतून काढून टाकणेच बरे.

तोंडे आणि हँडले

फिक्स पाना, म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेला, मुंडीच्या सहापैकी दोनच बाजू धरतो. जोर जास्त झाला की त्याचा जबडा फाकतो. तरीही त्याच्याशिवाय भागत नाही, कारण ज्या नटावर वरून काही चढवता येत नाही, उदाहरणार्थ क्लच केबलचा ॲडजस्टर, तिथे बाजूनेच शिरावे लागते. त्याचे तोंड हँडलशी १५ अंशांनी तिरके असते. अडचणीच्या जागी थोडासा फिरवून पाना उलटा करून पुन्हा लावला की ३० अंशांच्या जागेतही काम होते. कारागिराच्या हातात ही उलटापालट इतकी भराभर होते की पाहणाऱ्याला पाना बदलतो आहे हे कळतही नाही.

रिंग पाना मुंडीला सगळीकडून धरतो. गॅरेजचा साधा नियम असा: ढिला करताना पहिला जोर रिंगने, मग सरसर काढायला फिक्स. एका टोकाला रिंग आणि दुसऱ्याला फिक्स असलेला एकाच मापाचा कॉम्बिनेशन पाना म्हणूनच मोटरसायकलवाल्याला सर्वांत उपयोगी. बहुतेक रिंग बारा कोनी असतात, त्या ३० अंशांवर पुन्हा बसवता येतात. गंजलेल्या किंवा अर्धवट गोल झालेल्या मुंडीसाठी मात्र सहा कोनी रिंग किंवा सहा कोनी सॉकेटच हवा, कारण त्यात दाब पसरायला जास्त जागा असते. आठ, दहा आणि बारा हे तीन सॉकेट सहा कोनीच घ्यावेत.

भारतातल्या गॅरेजांत टी पान्याइतके प्रिय हत्यार दुसरे नाही. आठ, दहा, बारा आणि चौदाचे टी भिंतीवर किंवा खांबावर टांगलेले असतात. एका हाताने मुंडीवर बसवायचा, दुसऱ्या हाताने दांडा गरगर फिरवायचा. टाकी, सीट, केसिंगचे बोल्ट अर्ध्या मिनिटात खाली. त्याचा आणखी एक गुण आहे. आडवा दांडा आखूड असल्याने बारीक बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला जाण्याची शक्यता कमी होते. टी पाना घेताना त्याच्या तोंडाचा सॉकेट दांड्याशी सरळ रेषेत आहे का ते फिरवून पाहावे. डुगडुगणारा टी मुंडी खातो.

सॉकेट आणि रॅचेट यांत चौकोनी ड्राइव्हचे माप ठरवावे लागते. अर्ध्या इंचाचा ड्राइव्ह मोटारगाडीच्या चाकांसाठी ठीक, मोटरसायकलला तो बोजड. ३/८ इंच हे मोटरसायकलचे खरे माप. एक्सलच्या मोठ्या नटांसाठी तेवढा अर्ध्या इंचाचा वेगळा दांडा ठेवावा, आणि घट्ट नट फोडायला रॅचेट वापरू नये, त्यासाठी साधा ब्रेकर बार घ्यावा. रॅचेटच्या दातांची संख्या जागा किती लागेल ते सांगते. २४ दातांचे रॅचेट दर १५ अंशांवर पकड घेते, ७२ दातांचे दर ५ अंशांवर. कारब्युरेटरच्या मागे किंवा स्विंगआर्मच्या कोपऱ्यात हा फरक पुरेपूर जाणवतो.

स्पार्क प्लगसाठी प्लगचे माप पाहूनच पाना घ्यावा. १० मिलिमीटर आट्यांच्या प्लगला सहसा १६ चा षटकोन असतो, १२ च्या प्लगला १८ चा, १४ च्या जुन्या प्लगला २०.८ चा. आत रबर असलेला लांब सॉकेट प्लगचे चिनीमातीचे अंग सांभाळतो.

आतल्या खाचा

एलन बोल्टाच्या बाबतीत सगळे उलटे होते: बाजू बोल्टाच्या आत असतात आणि त्यात चिखल साठतो. अर्ध्या खोलीपर्यंतच गेलेली की खाचेचे तोंड गोल करते. आधी टाचणीने किंवा आरीने खाच तळापर्यंत साफ करावी, की आत सोडून तिच्यावर हलका ठोका द्यावा, मगच फिरवावी. एम ५ ला ४ ची, एम ६ ला ५ ची, एम ८ ला ६ ची आणि एम १० ला ८ ची की लागते. गोल चपट्या मुंडीच्या एम ६ ला मात्र ४ चीच. गोळी-टोकाची की तिरकी धरून बोल्ट भराभर काढायला सोयीची, पण तिच्या मानेवर जोर सहन होत नाही, म्हणून पहिला झटका नेहमी सरळ टोकाने द्यावा. मेट्रिक आणि इंच दोन्ही असलेल्या संचात एक सापळा असतो: ३/१६ इंचाची की ४.७६ मिलिमीटरची असते आणि ती पाचाच्या खाचेत सहज शिरते. इंचांचा संच घरात नसलेलाच बरा. की झिजली तर टोकाचे दोन-तीन मिलिमीटर ग्राइंडरवर थंड पाण्यात बुडवत बुडवत कापले की आतला कोरा षटकोन पुन्हा मिळतो.

अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू ही जपानी गाड्यांची जुनी डोकेदुखी. त्याचे मूळ कारण असे की ती खाच अमेरिकेच्या फिलिप्स खाचेसारखी दिसते, पण तशी नसते. ऑरेगनच्या हेन्री फिलिप्स यांची खाच १९३०च्या दशकात मोटार उद्योगात आली. तिच्या भिंती निमुळत्या असतात आणि जोर वाढला की ड्रायव्हर वर ढकलला जातो. जपानी मानकाच्या खाचेत फिलिप्स ड्रायव्हरचे टोक तळाला लवकर टेकते, भिंती नीट धरल्या जात नाहीत आणि तो सटकतो. पुष्कळ जपानी स्क्रूंच्या मुंडीवर एक बारीक ठिपका असतो, ती त्यांची ओळख. ब्रेक ऑइलच्या डबीचे झाकण आणि कारब्युरेटरचे बाउल इथे हे स्क्रू भेटतात, आणि नेमके तिथलेच सगळ्यांत जास्त खराब झालेले असतात. जपानी मानकाचे दोन नंबर आणि तीन नंबर असे दोनच ड्रायव्हर घेतले तरी पुरतात. एम ४ आणि एम ५ ला दोन नंबर, एम ६ ला तीन नंबर. एम ६ ला दोन नंबर लावणे ही सर्रास होणारी चूक आहे.

केसिंगचा जुना स्क्रू जाम असेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. ठोक्याबरोबर तो बिट खाचेत दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो, त्यामुळे सटकायला वेळच मिळत नाही. आधी रात्रभर गंज सोडवणारे तेल, मग ठोका. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीवर पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियम यांच्यात पांढरी भुकटी धरते आणि ती फुगून आटे आवळते. तिथे थोडी उष्णताही द्यावी लागते, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या दुपटीने प्रसरण पावते. लाल रंगाचे थ्रेडलॉक लावलेला बोल्टसुद्धा सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय हलत नाही. निळे थ्रेडलॉक मात्र साध्या पान्याने सुटते.

किती आवळायचे

होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या सर्वसाधारण तक्त्यात ६ मिलिमीटरच्या बोल्टाला १० न्यूटन मीटर, ८ ला २२, १० ला ३४ आणि १२ ला ५४ असे आकडे आहेत. साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर सुमारे आठ किलोची ओढ लावली की १० न्यूटन मीटर होतात. म्हणजे दहा नंबरचा पाना आखूड असतो तो मुद्दामच. त्याच बोल्टावर २५ सेंटिमीटरचे हँडल लावून २० किलोने ओढले तर ५० न्यूटन मीटर होतात, पाचपट. ॲल्युमिनियममधले एम ६ चे आटे एवढ्याला टिकत नाहीत. आटे गेलेच तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून भोक सावरता येते, पण ते काम सफाईदार हाताचे.

टॉर्क रेंचमुळे अंदाजाची जागा मापाला मिळते. बोल्ट आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा मुंडीखालच्या घर्षणात जातो, सुमारे चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि बोल्टाला खरा ताण द्यायला दहा टक्केच उरतात. त्यामुळे आट्यांवर तेल असेल तर त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये तेल लावा असे लिहिलेले नसेल तिथे आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवावेत. क्लिक आवाजाच्या टॉर्क रेंचला आंतरराष्ट्रीय मानक चार टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेते, तीही मापपट्टीचा अगदी खालचा भाग सोडून. २०० न्यूटन मीटरच्या मोठ्या रेंचवर १० लावणे निरर्थक. मोटरसायकलला २५ न्यूटन मीटरपर्यंतचा एक छोटा रेंच आधी घ्यावा, एक्सलसाठीचा मोठा नंतर. काम झाले की तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग दबलेली राहत नाही.

दुकानाच्या काउंटरवर

पुण्यात नाना पेठेत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांच्या दुकानांत एकाच दहा नंबरच्या पान्याच्या कितीतरी किमती ऐकू येतात. तिथे जाताना खिशात नवे, न वापरलेले दोन-तीन बोल्ट न्यावेत: आठच्या मुंडीचा, दहाचा, बाराचा. काउंटरवर पाना त्या मुंडीवर चढवून डावी-उजवीकडे हलवला की फट हाताला लगेच कळते. फिक्स पान्याच्या जबड्याच्या दोन भिंती समांतर आहेत का, रिंगचे तोंड गुळगुळीत आहे का, क्रोमखाली कुठे फोड आहे का हेही तिथेच पाहता येते. फोर्जिंग करून बनवलेल्या पान्याची मान बारीक असूनही मजबूत असते. ओतीव पाना जाडजूड दिसतो आणि लवकर तुटतो. म्हणून वजनावरून दर्जा ठरवू नये.

नाशिकच्या सातपूरमधल्या टपारिया कंपनीने १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हत्यारे बनवायला सुरुवात केली. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातले नागौर ही हत्यारांची जुनी केंद्रे. भारतीय मानकांत फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ आहेत. पान्यावर बनवणाऱ्याचे नाव, माप आणि पोलादाची जात हे तिन्ही स्वच्छ उठवलेले हवेत. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर बदललेली नक्कल सगळीकडे विकली जाते, म्हणून नाव घाईत वाचू नये. चाळीस-पन्नास नगांची प्लास्टिकची पेटी टाळावी. त्याच पैशांत ८, १०, १२, १४ आणि १७ चे चांगले कॉम्बिनेशन पाने, तीन टी, ४ ते ८ च्या एलन की आणि दोन जपानी ड्रायव्हर येतात. रॅचेट आणि टॉर्क रेंच पुढच्या खेपेला घेता येतात.

जुन्या बुलेटवाल्यांसाठी वाट वेगळी आहे. पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादा इंग्रजी बनावटीचा व्हिटवर्थ पाना दिसला तर त्याचा जबडा फाकलेला नाही ना, तोंडाच्या कडा ग्राइंडरने घासलेल्या नाहीत ना, एवढे पाहून तो घ्यावा. तोंड घासून मोठे केलेला पाना कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. असा पाना कोणत्याच मापाचा राहत नाही.